दोन सेकंदांचं काम

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष अजूनही कुठे भेटले की मान हलवून म्हणतात, ‘वहिनी, त्या वेळी तुम्ही उगाच बाऊ केलात.’ पूर्वी मी कसनुसं हसायचे, आता हसत नाही. या माणसाचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच वयाची. करोनाच्या दुसऱ्या वर्षी भारतातून त्या भयंकर बातम्या येत होत्या, विमानं बंद झाली होती, आणि इथल्या डच शाळांमधल्या पोरांना एक नवा विनोद सापडला होता. भारतीय दिसणाऱ्याला ‘इंडियन व्हेरियंट’ म्हणायचं आणि आपलं बाक लांब सरकवायचं. जवळच्या हार्लेम गावातल्या शाळेत अध्यक्षांच्या मुलाला कुणीतरी तसं म्हणालं, तेव्हा यांनी मुख्याध्यापकांना लांबलचक पत्र लिहिलं, आम्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि त्या पोराच्या आईवडिलांची लेखी माफी येईपर्यंत स्वस्थ बसले नाहीत. योग्यच केलं, मीसुद्धा सही केली होती. पण गंमत कशाला म्हणायचं आणि अपमान कशाला, हे ठरवायचा मक्ता या माणसाला कुणी दिला, एवढंच मला विचारायचंय.

माझ्या मुलीनेही वर्गात तेच ऐकलं होतं. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि आम्ही शहराच्या दक्षिणेच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात राहत होतो. त्याच आठवड्यात पुण्यात माझे मामा गेले. त्यांना आम्ही मोबाइलच्या स्क्रीनवरून शेवटचा नमस्कार केला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारचा मुलगा नाक धरून जागेवरून उठला. वर्ग हसला. तिचं म्हणणं, सरही थोडे हसले. घरी येऊन ती रडली ती त्या मुलामुळे नाही, आपल्याला बोलता आलं नाही म्हणून.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिने आम्हाला न विचारता एका फेलोशिपसाठी अर्ज केला. वेगवेगळ्या शाळांमधली वीस मुलं निवडून त्यांना वर्षभर शिकवायचे, की वंशद्वेष आणि ज्यूद्वेष ओळखायचा कसा आणि तो आपल्यासमोर घडत असताना तोंड उघडायचं कसं. मुलाखत देऊन, निवड होऊन मग तिने आम्हाला सांगितलं. मी पहिला प्रश्न विचारला तो गणिताच्या क्लासचं काय, हा. असो.

पण पोरगी खुलली. दीड वर्ष खोलीत कोंडून घेतलेली मुलगी दर बुधवारी दुपारी सायकल काढून बाहेर पडायला लागली. तिथे म्हणे भाषणं नसायची, प्रसंग करून बघायचे. एकाने काहीतरी घाण बोलायचं, दुसऱ्याने हसायचं, मग तिसऱ्याने काय करायचं? जमलं नाही तर तोच प्रसंग पुन्हा करायचा. ‘मी हे करणार नाही’ एवढं एक वाक्य न ओरडता, न रडता, साध्या आवाजात म्हणायला त्यांना दोन बुधवार लागले. घरी आली की आमच्यावर सराव. नवऱ्याने जेवताना मोरोक्कन लोकांवर एक शेलकं वाक्य टाकलं, तर हिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, ‘बाबा, मी यावर हसणार नाही.’ तो चिडला, घरात पोलीस ठेवलाय म्हणाला. मलाही ते आवडलं नव्हतं. आपल्याच घरात शब्द तोलून बोलायचे म्हणजे जरा अतीच, असं मला वाटलं होतं.

तिथे मुलांच्या जोड्या लावल्या होत्या. हिच्या जोडीला आली आमच्याच भागातली एक ज्यू मुलगी, चार इमारती सोडून राहणारी. दोघी संध्याकाळी पार्कात चकरा मारायच्या. ऑक्टोबरमध्ये ती दोनदा आमच्या घरीही आली. मी हौसेने बटाटेवडे केले, तर ती संकोचून म्हणाली की त्यांच्या घरच्या नियमांमुळे तिला आमच्या भांड्यांतलं चालत नाही, पण सफरचंद चालेल. मला त्याचं काही वाटलं नाही. उपवासाचं पातेलं वेगळं ठेवणाऱ्या घरात वाढलेली मी, मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी तिला सफरचंद धुऊन दिलं, कागदाची बशी दिली, आणि ही गोष्ट मी नंतर चार जणींना मोठ्या कौतुकाने सांगितली. आम्ही किती मोकळ्या मनाचे, असं मला स्वतःबद्दल फार वाटायचं तेव्हा.

मग दिवाळी आली. हॉल ठरला होता, पण रुग्ण पुन्हा वाढायला लागले आणि मंडळाने कार्यक्रम ऑनलाइन करायचं ठरवलं. घरोघरी चित्रीकरण करून पाठवायचं, सगळं जोडून मंडळाच्या चॅनेलवर टाकायचं. दरवर्षीचं विनोदी नाटुकलं मी लिहिते, त्या वर्षीही लिहिलं. विषय घरून काम करणारा बाप. दिवसभर घरात बसून बसून तो घराचं वेळापत्रक करतो, चहाची वेळ ठरवतो, बाथरूमची वेळ ठरवतो, आणि बायको-मुलगी वैतागून त्याला एक टोपणनाव देतात. ते नाव त्या जर्मन हुकूमशहाचं. मी ते इथे लिहीत नाही. आपल्याकडे प्रत्येक शाळेत त्या नावाचा एक मास्तर असतो, प्रत्येक ऑफिसात त्या नावाचा साहेब असतो, आणि सासूला ते नाव ठेवणारी सून तर मला रोज भेटते. आमच्या शाळेत त्या नावाच्या बाई होत्या आणि आमचा त्यांच्यावर जीव होता. मीही तेवढाच विचार केला. नवऱ्याच्या ओठावर मी काजळाने आखूड चौकोनी मिशी काढली. त्याने हुकूम सोडला की मी आणि मुलीने टाचा जुळवायच्या आणि उजवा हात ताठ पुढे करायचा. बस्स.

आणि ऐका, मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. या देशात दर मे महिन्यात एका संध्याकाळी आठ वाजता महायुद्धात गेलेल्यांसाठी सगळे जण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात. आम्हीही राहायचो. गॅसवरचा कुकर बंद करून राहायचो. मुलगी प्राथमिक शाळेत असताना तिने मला सांगितलं होतं की आमच्या शहरातून किती ज्यू माणसं आगगाड्यांत भरून नेली आणि परत आली नाहीत. मी तेव्हा तिच्या वहीवर सहीसुद्धा केली होती.

तालमीच्या दिवशी ती घरच्या हॉलमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, मी हा हात करणार नाही.’ ओरडली नाही, रडली नाही. मला घाई होती, रविवार संपत आला होता, चित्रीकरण रात्रीच्या आत पाठवायचं होतं. मी म्हटलं, नखरे करू नकोस, दोन सेकंदांचं काम आहे. तिने पुन्हा तेच वाक्य म्हटलं. नवरा मिशीत हसत उभा होता, त्याने घड्याळ दाखवलं. मी आवाज चढवला, आणखी थोडं बोलले. शेवटी तिने हात केला. तीन वेळा करावा लागला, कारण पहिल्या दोन वेळा तिचा चेहरा बरोबर येत नव्हता.

दिवाळीच्या संध्याकाळी कार्यक्रम झाला. लोकांनी हसण्याच्या चिन्हांचा पाऊस पाडला. आणि इथे माझा सगळ्यात मोठा शहाणपणा. हल्ली परदेशी मित्रही बघतात म्हणून मी दोन रात्री जागून सगळ्या कार्यक्रमाला इंग्रजी सबटायटल्स घातली होती. त्या मुलीच्या आईचा नंबर माझ्याकडे होता. मी तिला लिंक पाठवली. सोबत लिहिलं, आमचा सण बघा, तुमच्या मुलीच्या मैत्रिणीने सुरुवातीला छान नाच केलाय, पुढे आमच्या कुटुंबाचं विनोदी नाटुकलंही आहे. शेवटी पणतीचं चित्र. मी स्वतःच्या हाताने पाठवली ती लिंक.

उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यात ती मुलगी पार्कात आली नाही. त्यानंतरच्या बुधवारी माझ्या मुलीने सायकल काढली नाही, मी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली. नव्या निर्बंधांमुळे मग त्यांचे बुधवार स्क्रीनवर गेले, पण तिच्या खोलीतून आवाजच येईना. खोदून खोदून विचारल्यावर तिने तुटक सांगितलं की त्या मुलीने व्हिडिओ बघितला, सगळ्यांनी बघितला, आणि ती आता फेलोशिपमध्ये नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका फालतू विनोदावरून पंधरा वर्षांच्या मुलीला काढून टाकता? दीड वर्षाने या पोरीला चार मित्र मिळाले होते, तिचा आवाज परत आला होता, आणि ते तुम्ही काढून घेता? आम्ही कुणाला काय केलंय? तुमच्या युरोपातली भांडणं, तुमचे गुन्हे, आणि शिक्षा आमच्या मुलीला? ती ‘इंडियन व्हेरियंट’ होती तेव्हा कुठे गेली होती तुमची संवेदनशीलता? हे सगळं मी इंग्रजीत मनात जुळवून, दोन-तीन वेळा म्हणून बघितलं, आणि घरून चाललेल्या ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या समन्वयकाला फोन लावला.

तो तरुण मुलगा होता. मी सात-आठ मिनिटं थांबले नाही. त्याने मध्ये तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर तो म्हणाला, तिला कुणीही काढलेलं नाही. तिनेच सोडतेय असं पत्र गटाला पाठवलंय. पत्रात तिने लिहिलंय की हात पुढे करायची कल्पना तिची होती, आई नको नको म्हणत होती, पण गंमत येईल म्हणून तिने हट्टाने केलं. आणि अशा माणसाने या गटात बसणं बरोबर नाही. मग त्याने विचारलं, ‘असंच झालं होतं का?’

मी म्हटलं, मला मीटिंग आहे. आणि फोन ठेवला.

हो, ठेवला. सात मिनिटं न्यायाच्या गोष्टी करून, खरं बोलायची पाळी आली तेव्हा मला मीटिंग होती. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला स्वतःची इतकी चीड आली की हातातला कप मी सिंकमध्ये आदळला. ‘आई नको नको म्हणत होती.’ पोरीने माझ्या आणि तिच्या भूमिकेची अदलाबदल करून लिहिलं होतं.

मी नवऱ्याच्या खोलीत गेले. मंडळाचा चॅनेल त्याच्या हातात असतो, तो समितीत आहे. म्हटलं, तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढ. तो म्हणाला समितीला विचारल्याशिवाय कसं काढणार. मग लागला अध्यक्षांना फोन, स्पीकरवर. अध्यक्ष म्हणाले, लोक हल्ली फार हळवे झालेत. म्हणाले, आपला हेतू स्वच्छ होता. म्हणाले, इंग्रजांनी आपल्याला दीडशे वर्षं लुटलं त्याबद्दल कोण आपली माफी मागतंय? एकेक वाक्य माझ्या ओळखीचं होतं. थोड्या वेळापूर्वी मीच ती त्या तरुणाला ऐकवली होती. त्यांच्या तोंडून ऐकताना मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, तुमच्या मुलाच्या वेळी आम्ही सह्या केल्या, त्या पोराचाही हेतू स्वच्छच असेल. ते म्हणाले, ती गोष्ट वेगळी. मी विचारलं, वेगळी कशी? तर म्हणाले, वहिनी, तुम्ही दमलेल्या दिसता. नाटुकल्यात ती मिशी नवऱ्याच्याच तोंडावर होती, आणि तो खुर्चीत बसून टेबलावरच्या वायरी नीट करत होता. मी फोन बंद केला आणि त्याला म्हटलं, मी मुलीच्या खोलीत जातेय, बाहेर येईपर्यंत तो व्हिडिओ दिसला तर मी समितीतल्या प्रत्येकाच्या घरी फोन करून सांगेन की तो हात मी माझ्या मुलीकडून धमकावून करून घेतला.

त्याने काढला. संध्याकाळपर्यंत आम्हा दोघांना मंडळाच्या ग्रुपमधूनही काढलं होतं. त्याबद्दल मला आजही काडीचं दुःख नाही.

मुलगी शाळेतून लवकर येऊन पलंगावर बसली होती. मी विचारलं, खोटं का लिहिलंस? ती नेहमीप्रमाणे इंग्रजीत बोलली, पण अगदी सावकाश. म्हणाली, त्यांना तुझ्याबद्दल कळलं असतं तर ते तुला वाईट म्हणाले असते, आणि मग मला त्यांच्यात बसता आलं नसतं. माझ्याबद्दल वाईट म्हटलं तर निदान घरी तुझ्यासोबत जेवता येतं. आणि तसंही, आम्हाला तिथे नाही म्हणायला शिकवतात. मी नाही म्हटलं. मग केलंच ना मी ते. मी तिच्या शेजारी बसले. डोक्यावरून हात फिरवायला गेले तर तिने मान बाजूला घेतली. तेही बरोबरच होतं. मी म्हटलं, मी त्यांना खरं सांगणार आहे. ती म्हणाली, नको. मी म्हटलं, सांगणार. आयुष्यात एकदा तरी तिच्या ‘नको’ला न जुमानणं योग्य होतं असं मला वाटलं, आणि तसं वाटलं म्हणूनही मला भीती वाटली.

पुढच्या बुधवारी मी रजा टाकली. समन्वयकाशी आधी बोलून घेतलं होतं. मुलीच्या टेबलाशी, तिच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन मी बसले. आमचा सोडून स्क्रीनवर वीस चौकोन, एकोणीस पोरं आणि तो समन्वयक. कुणाच्या मागे बंक बेड, कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे. मी ऑफिसात याहून मोठ्या लोकांसमोर बोलते, पण इथे पहिलं वाक्य मला दोनदा सुरू करावं लागलं. मी सांगितलं की नाटुकलं मी लिहिलं, मिशी मी काढली, हात मी करायला लावला. हिने दोनदा स्पष्ट नकार दिला आणि मी तो मोडून काढला. पत्रातलं सगळं उलट आहे. तिला शिक्षा व्हावी असं तिने काही केलेलं नाही, जे केलं ते मी केलं. मी माफी मागितली. मला वाटलं, झालं. पोरांच्या चेहऱ्यांवर सुटल्यासारखं दिसलं, एकाने अंगठाही दाखवला, आणि मी स्टूल मागे सरकवलं.

तेवढ्यात ती मुलगी, तिची जोडीदार, बोलली. तोवर ती खाली बघत होती. ती म्हणाली, मला एक विचारायचंय. तिने दुसऱ्यांदा नाही म्हटल्यावर तुम्ही तिला काय म्हणालात?

आता सांगते. वर तालमीचा प्रसंग लिहिताना मी ‘आणखी थोडं बोलले’ असं लिहून एक वाक्य गाळलंय. त्या दिवशीही मी ते गाळलं असतं. काहीतरी गोल गोल सांगून वेळ मारून नेणार होते, घाईत होते वगैरे. पण शेजारी माझी मुलगी बसली होती आणि तिला ते वाक्य माहीत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, स्क्रीनकडेच बघत होती. मग मी ते म्हटलं. मराठीत म्हटलेलं, इंग्रजी करून सांगितलं.

‘मी म्हणाले, आपल्याकडे कोण ज्यू बसलाय वाईट वाटून घ्यायला.’

कुणाचं तरी कुत्रं भुंकलं आणि त्याने घाईघाईने स्वतःला म्यूट केलं. त्या मुलीने मान हलवली, जणू तिला असंच काहीतरी अपेक्षित होतं. रागावली नाही. रागावली असती तर मी तरले असते.

‘त्याआधी मी दोनदा तुमच्या घरी आले होते,’ ती म्हणाली.

मला वाटतं मी ‘हो’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? मी पुन्हा माफी मागायला तोंड उघडलं, तर माझ्या मुलीने टेबलाखालून माझ्या मनगटावर हात ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाली, ‘आई, आता तू जा. पुढचं आम्ही बोलतो.’

मी उठले. तिने खुर्ची पुढे ओढली, मी बाहेर पडल्यावर येऊन आतून दार लावून घेतलं. थोड्या वेळाने तिच्या बोलण्याचा आवाज यायला लागला.